फलाट कोणत्या बाजूला?

पहाटे ५.१५

चहाच्या आधी फोन बघायचा, ही सवय कामानं लावली. गाड्या वेळेवर आहेत ना, कुठं सिग्नल बिघडला नाही ना, ओव्हरहेड वायरचं काही नाही ना. गाडी वीस मिनिटं उशिरा आली तर माझ्या विद्यार्थ्यांचं फारसं अडत नाही, तेही सगळ्यांसारखेच वैतागतात. अडतं ते गाडीनं फलाट बदलल्यावर.

मी चलनवलन प्रशिक्षक आहे. ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसतं, त्यांना पांढऱ्या काठीनं चालायला शिकवते आणि त्यांच्या रोजच्या प्रवासाचे रूट बांधून देते. घरापासून ऑफिस, कॉलेज, दवाखाना, माहेर. लोकांना वाटतं की हे काम काठीचं आहे. काठीचं तंत्र नेमानं सराव केला तर काही महिन्यांत अंगवळणी पडतं. रूट बांधायला मात्र तो आधी स्वतः चालावा लागतो, वेगवेगळ्या वेळी, आणि तो कधी पुरा होत नाही.

सकाळी ६.३०, भांडुप

आजची विद्यार्थिनी चोवीस वर्षांची आहे. लोअर परळला एका ऑफिसात नोकरी लागली आहे आणि पुढच्या सोमवारी रुजू व्हायचंय. तिला रेटिनायटिस पिगमेंटोजा आहे. आधी रातांधळेपणा आला, मग नजरेचा घेर कडेकडेनं आवळत गेला. मधला तुकडा शाबूत आहे. त्यामुळे ती मोबाइलवरचा मेसेज वाचू शकते, पण शेजारचा खांब तिला दिसत नाही. हे लोकांच्या पचनी पडत नाही. हातात पांढरी काठी आणि डोळे मोबाइलवर, असं दिसलं की दिव्यांग डब्यात कुणीतरी टोमणा मारतंच. तिला मी काठीइतकंच एक वाक्यही शिकवलंय: ‘मला समोरचं थोडं दिसतं, बाजूचं नाही.’ वाद घालायचा नाही, हे एकदा बोलायचं आणि गप्प बसायचं.

रूट कोणता, यावर आमची दोन दिवस चर्चा झाली होती. कुठलंही ॲप उघडा, ते सांगेल: भांडुपहून दादर, तिथं पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, मग स्लो गाडीनं लोअर परळ. कागदावर अगदी सरळ. पण सकाळी नऊ वाजता दादरचा पूल म्हणजे चारी दिशांनी येणारी माणसं. त्यात काठी फिरवायला जागा नसते, ती अंगाशी उभी धरून पाऊल-पाऊल सरकावं लागतं. मी निवडला तो रूट असा: भांडुपहून सीएसएमटीची स्लो, थेट करी रोड, आणि तिथून चालत ना. म. जोशी मार्गाकडे. गाडी एकच, बदलायची नाही. चालणं जरा जास्त पडतं, पण चालण्याचा रस्ता रोज तोच राहतो. मिनिटं वाचवणारे रूट मला आवडत नाहीत. जिथं कमी गोष्टी बदलतात तो रूट मी आधी घेते.

पहिला फेरा गर्दीच्या आधी. घराच्या दारापासून गल्लीच्या तोंडापर्यंत डावीकडची भिंत, पुढं उघडं गटार, त्यावर दोन फरश्या, मग रस्त्याचा उतार. कोपऱ्यावर वडापावची गाडी लागते, वास लांबून येतो. ती म्हणाली, ‘ताई, ही खूण लिहा ना.’ मी लिहिली नाही. वडापाववाला सुट्टी घेतो, उतार घेत नाही. वास, रेडिओ, पिठाच्या गिरणीचा आवाज, हे सगळं सोबतीला असावं. पण वळायचं कुठं हे भिंत, पायरी, चढ-उतार आणि पायाखालची फरशी यांनीच ठरवायचं.

तिची आई आमच्या मागून चालत होती. लपूनछपून, वीसेक पावलांवर. मी काही बोलले नाही. स्टेशनच्या जिन्यापाशी पोरगी थांबली आणि मागं न बघता म्हणाली, ‘आई, मागं मागं यायचंच असेल तर निदान चपला बदलून ये.’

सकाळी ८.१०, त्याच फलाटावर पुन्हा

आता खरी गर्दी. दिव्यांग डबा जिथं थांबतो तिथं फलाटावर बीप-बीप वाजणारं यंत्र बसवलेलं असतं. डोळस प्रवाशांना तो आवाज वर्षानुवर्षं कानावर पडूनही माहीत नसतो. आम्ही त्याच्याच भरवशावर उभे राहतो. पण भरवसा एकावर ठेवायचा नाही, हा नियम. मागं दुसऱ्याच एका स्टेशनवर तो बीप आठवडाभर मुका होता. म्हणून दुसरी खूण लागते: अमुक खांबाला पाठ लावली की डबा समोर येतो. ही खूण मी आधी स्वतः तीन-चार गाड्या सोडून तपासते, कारण मोटरमन गाडी दर वेळी अगदी त्याच इंचावर उभी करत नाही.

काठी इथं आणखी एक काम करते. २०१४ साली घाटकोपरला झालेल्या अपघातानंतर मुंबई उच्च न्यायालयानं लक्ष घातलं आणि फलाटांची उंची ९०० मिलिमीटरच्या आसपास वाढवण्याचं काम जोरात सुरू झालं. तरी गाडी आणि फलाट यांच्यातली फट सगळीकडे सारखी नसते. काठीचं टोक आधी डब्याच्या जमिनीवर टेकवायचं, फट किती आणि चढ किती ते मनगटाला कळतं, मग दांडा पकडायचा, मग पाय. मागून लोटत असतील तरी हाच क्रम.

डब्यात धडधाकट माणसं बसलेली होती, नेहमीप्रमाणे. रेल्वे कायद्याच्या १५५व्या कलमाखाली पाचशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. काठी उघडल्याचा खटखट आवाज झाल्यावर दोघं उठले, एक झोपी गेला.

प्रवासात तिची परीक्षा. आत उद्घोषणा होते तेव्हा सोपं आहे: मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्हींत पुढचं स्टेशन सांगतात. ती बंद असली तर? मोजायचं. कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला, शीव, माटुंगा, दादर, परळ, करी रोड. दहावं. बोटांची पेरं पुरतात. शिवाय घाटकोपरला मेट्रोची गर्दी उतरते आणि दादरला शेजारच्या डब्यांत जो गलका होतो तो ऐकून मुंबईत वाढलेलं कुणीही स्टेशन ओळखेल.

आता यातली मेख. रविवारी मेगाब्लॉक असला की स्लो गाड्या बऱ्याचदा मुलुंड ते माटुंगा फास्ट ट्रॅकवरून वळवतात. मग कांजूरमार्ग आणि विद्याविहारला त्या थांबत नाहीत. मोजणी दोनानं चुकते, आणि माणूस करी रोड समजून भायखळ्याला उतरतो. भांडुपचा फलाटही त्या दिवशी वेगळा. तिला रविवारी ऑफिस नाही, तरी तिच्या रूटमध्ये मी हे लिहून ठेवलंय, कारण गाड्या वळवायला रविवारच लागतो असं नाही. आणखी एक: परळला संपणाऱ्या गाड्या आहेत. तिथं सगळे उतरतात, डबा शांत होतो, आणि नवखं माणूस पुढची वाट बघत आत बसून राहतं. म्हणून चढताना विचारायचं ते ‘स्लो आहे का’ नव्हे, ‘सीएसएमटी आहे का’.

सकाळी ९.०५, करी रोड

या तासासाठी मी सर्वांत जास्त वेळ राखून ठेवते.

भांडुपला गाडीच्या ज्या बाजूनं चढलो त्याच्या विरुद्ध बाजूला करी रोडचा फलाट येतो. मेट्रोत दरवाजे कोणत्या बाजूला उघडतील ते सांगतात, साध्या लोकलमध्ये नाही. रोजचा प्रवासी दादर सुटल्यावर न विचार करता त्या दाराकडे सरकतो. त्याला हे कुणी शिकवलेलं नसतं, कुठं लिहिलेलंही नसतं. रूट बांधणं म्हणजे निम्मं काम हेच, की डोळस माणसाला जे कळतं हेही कळत नाही, ते त्याच्या अंगातून काढून शब्दांत आणायचं.

करी रोडला फलाट एकच, दोन्ही बाजूंना रूळ. एका कडेला मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या, दुसऱ्या कडेला कल्याणकडच्या. उतरणाऱ्याची स्वाभाविक हालचाल काय असते? गाडीकडे पाठ करून सरळ पुढं. इथं सरळ पुढं म्हणजे दुसऱ्या कडेवर. म्हणून आम्ही उतरलो, दोन पावलं पुढं आलो आणि थांबलो. तिथंच. लोक घासून जात होते, एक जण ओरडला, ‘अहो मॅडम, बाजूला!’ ती हलली नाही. गाडी सुटली, आवाज ओसरला, तेव्हा पावलांचा ओघ कुठल्या बाजूला चाललाय ते ऐकू आलं. जिना तिकडे. मग तिनं काठी दोन्ही बाजूंना टेकवत, उजवं पाऊल पुढं तेव्हा टोक डावीकडे, डावं पुढं तेव्हा उजवीकडे, जिन्याची पहिली पायरी गाठली. तिच्या कपाळावर घाम होता. माझ्याही.

२०१८च्या फेब्रुवारीत लष्करानं बांधलेले तीन पादचारी पूल मुंबई परिसरात खुले झाले, त्यांतला एक या स्टेशनात आहे. पूल वाढला की गर्दी विभागते. डोळस माणसाला दोन रस्ते म्हणजे सोय, काठीवाल्याला आधी एक निर्णय. आम्ही एकच पूल पक्का केला, दुसऱ्याचं नावही काढलं नाही. वर्षभरानं ती स्वतः शोधील.

बाहेरच्या रस्त्यावर फुटपाथ म्हणजे पेव्हर ब्लॉक, मध्येच उखडलेला, मध्येच स्कूटर लावलेली. इथं काठीपेक्षा दंडाला महत्त्व. कुणी मदत करायला आलं आणि काठीचं टोक धरून ओढायला लागलं, तर हात सोडवून म्हणायचं, ‘मला तुमचं कोपर धरू द्या.’ कोपर धरलं की पुढच्याचं अंग चढलं-उतरलं ते आपल्याला अर्धं पाऊल आधी कळतं. आज एका फुलवालीनं तिला ओढलंच. तिनं वाक्य म्हटलं, बाईनं ऐकलं, आणि दोघी अशा रस्ता ओलांडून गेल्या की मी मागं राहिले.

दुपारी १२, ऑफिस

जेवायच्या आधी रूट लिहून काढायचा. म्हणजे बोलून. विद्यार्थी तो फोनवर ऐकतात, थांबवून, मागं नेऊन, पुन्हा. ब्रेलमध्ये हवा असेल तर तसाही देतो, पण फलाटावर उभं राहून ब्रेल वाचणारं माझ्या माहितीत कुणी नाही. आजचा एक तुकडा:

‘दादर गेलं. आता उठ. चढलीस त्याच्या समोरच्या दाराकडे जा. मधला दांडा पकड. परळला लोक चढतील, दांडा सोडू नकोस. गाडी पुन्हा हलली की काठी उलगड. करी रोड. गाडी पूर्ण थांबू दे. काठी खाली, मग पाय. दोन पावलं. थांब. समोर रूळ आहेत. गाडी जाऊ दे.’

वाक्यं छोटी ठेवते. ‘थांब’ हा शब्द माझ्या रूटमध्ये ‘चाल’पेक्षा जास्त वेळा येतो. आणि ‘समोर बोर्ड दिसेल’, ‘ती पांढरी इमारत’ असलं काही येत नाही, हे सांगायची गरज नसावी, पण स्वयंसेवकांनी लिहिलेले रूट तपासताना दर वेळी खोडावं लागतं.

एक पत्रही लिहायचं होतं, एका स्टेशनातल्या सरकत्या जिन्याच्या तोंडाशी ठिपक्यांच्या फरश्या बसवाव्यात म्हणून. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा वाहतुकीच्या सुगमतेबद्दल स्पष्ट बोलतो. राजीव रतुरी या दृष्टिहीन कार्यकर्त्याच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुगमतेचे किमान निकष सक्तीचेच हवेत, नुसत्या शिफारशी चालणार नाहीत. याचिका २००५ची. असलं काही पत्रात घातलं की उत्तर लवकर येतं असा माझा अनुभव नाही, पण उत्तर देणाऱ्याला खुर्चीत नीट बसावं लागतं.

दुपारी २.३०

सोलापूरहून फोन. गुरुजी जन्मांध, हार्मोनियम शिकवतात, साठी उलटलेली. दादरच्या शिवाजी मंदिरात त्यांच्या शिष्याच्या नाटकाचा प्रयोग आहे आणि त्यांना एकट्यानं यायचंय.

‘सवलतीत सोबत्यालाही तेवढीच सूट मिळते, गुरुजी. स्लीपरला पंच्याहत्तर टक्के. भाच्याला घेऊन या ना.’

‘ते ठाऊक हाय की ओ ताई. पैशाचा प्रश्नच नाही. भाचा आला की मला बसवून ठेवतो. हितं बसा, तितं बसा. मला पूल चढायचाय.’

रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोयीची, पहाटे दादरला उतरवते आणि त्या वेळी पुलावर श्वास घेता येतो. खालचा बर्थ दिव्यांग कोट्यातून. इथवर सोपं. पण गुरुजींच्या डोक्यात जुनं दादर आहे, पंधरा वर्षांपूर्वीचं आणि तंतोतंत पाठ. ‘मध्य रेल्वेच्या सहा नंबरावर उतरलो की जिना...’ मी थांबवलं. ९ डिसेंबर २०२३पासून दादरला मध्य रेल्वेचे फलाट आठ ते चौदा झाले. पश्चिम रेल्वेचे एक ते सात तसेच राहिले. दोन्हीकडे एक नंबर असल्यानं बाहेरगावच्यांची फजिती व्हायची, ती थांबावी म्हणून हे केलं, आणि चांगलंच केलं. पण ज्यांनी स्टेशन आकड्यांनी पाठ केलं होतं त्यांना ते नव्यानं पाठ करावं लागलं. म्हणजे गुरुजींचा जुना सहा आता बारा.

फोनच्या पलीकडे बराच वेळ काही नाही. मग: ‘सहाचा बारा. दुप्पट. लक्षात राहील. पण एकाचा आठ आणि तीनाचा नऊ? मधला दोन कुठं गेला ओ?’

एक नंबरचा फलाट रुंद करायला दोन नंबर काढून टाकला, म्हणून सांगितलं. त्यांना ते फार पटलं.

दुपारी ४.३०, मेट्रो

एक निवृत्त गृहस्थ आणि मी, सिद्धिविनायक स्टेशन, भुयारी मेट्रो तीन. त्यांना काचबिंदू आहे, अल्पदृष्टी. काठी घ्यायला तयार नाहीत. ‘शेजारीपाजारी काय म्हणतील’ हे ते बोलत नाहीत, पण घडी घातलेली काठी पिशवीत तळाशी असते.

भूमिगत फलाटाच्या कडेला काचेची दारं असल्यानं रुळावर पडण्याची भीती नाही. जमिनीवर स्पर्शफरश्या आहेत: लांब पट्ट्या म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे सावध. जपानच्या सेइची मियाके यांनी १९६५ साली त्या शोधल्या आणि १९६७मध्ये ओकायामात पहिल्यांदा रस्त्यावर बसवल्या. हे सांगितलं की गृहस्थ खूश होतात, त्यांना इतिहासाची आवड आहे. फरशी पिवळी का, हेही सांगितलं. पिवळा ज्यांना अजिबात दिसत नाही त्यांच्यासाठी नसतो, तो यांच्यासाठी असतो, ज्यांना धूसर दिसतं. त्यांनी मान खाली घालून त्या पट्टीवरून अख्खा फलाट पार केला, काठीशिवाय. काही इमारतींत शोभेसाठी ही फरशी जमिनीच्याच करड्या रंगात बसवतात, तेव्हा अशा माणसांसाठी ती नसल्यातच जमा.

वर रस्त्यावर आलो. पिवळी पट्टी थोडी पुढं गेली आणि एका लोखंडी खांबाच्या पोटात शिरली. गृहस्थांनी पिशवीत हात घातला. काठी निघाली. मी दुसरीकडे बघत राहिले.

संध्याकाळी ६.४०, परत करी रोड

येताना रूट उलटा होतो, हा सर्वसाधारण समज आहे. नाही होत. सकाळी जी भिंत डाव्या हाताला होती तिच्या कडेनं आता फेरीवाले बसलेत. अंधार पडलाय आणि रातांधळेपणामुळे सकाळी दिसत होता तो मधला तुकडाही जवळपास गेलाय. म्हणून परतीचा रूट वेगळा बांधायचा, वेगळा चालायचा, वेगळा लिहायचा. तिला ऑफिसखालून घेतलं तेव्हाच म्हणाली, ‘ताई, सकाळची मी वेगळी होते.’

जिना उतरल्यावर कडा कोणती, हाच एक प्रश्न. चुकली तर कल्याणऐवजी सीएसएमटीला पोचेल. जीव जाणार नाही, तास जाईल. त्यावरही ठरवलंय: चुकीच्या गाडीत बसलीस तर घाईनं पुढच्या स्टेशनावर उतरायचं नाही, शेवटपर्यंत जायचं. सीएसएमटीला रूळ संपतात, फलाट रुंद आहे, पूल नाही, परतीची गाडी तिथूनच सुटते. हरवल्यावर कुठं जायचं हे आधी ठरलेलं असलं की माणूस घाबरत नाही. दृष्टिहीन दिनाला अधिकारी डोळ्यांवर पट्टी बांधून दहा मिनिटं चालतात आणि घाबरून पट्टी काढतात. त्यांना फक्त भीती कळते. ही पोरगी अंधारात, गर्दीत, उद्घोषणा ऐकत उभी होती आणि शेजारच्या बाईला विचारत होती, ‘ही कल्याणची का?’

बाईनं हातानं दाखवलं. तिनं शांतपणे पुन्हा विचारलं, ‘तोंडानं सांगाल का?’

रात्री ९.१५

तिचा व्हॉइस मेसेज: उद्या एकटी जाईन, आईनं कबूल केलंय. मागं आईचा आवाज, कबूल केलेलं नाही असा. मी उद्या त्या मार्गावर असेन पण दिसणार नाही, आणि तिला दिसले तरी बोलणार नाही, एवढं कळवलं. चपला बदलून जाईन.

गुरुजींचाही मेसेज होता. तिकीट झालं, बर्थ खालचा. भाच्याचंही काढलं, घरच्यांनी ऐकलं नाही. पण तो दुसऱ्या डब्यात बसणार आणि दादरला पूल ओलांडेपर्यंत जवळ यायचं नाही, असं त्याच्याकडून वदवून घेतलंय. मी त्यांना विचारलं, परतीची गाडी कुठून धरणार, दादर की सीएसएमटी? तो रूट अजून लिहायचाय.